तटबंदी, वेस आणि स्टेशनरस्ता : ऐतिहासिक रस्त्यावरील सामुदायिक सांस्कृतिक अवकाशाचा विचार

प्रस्तावना

कोणत्याही गावाचा वा नगराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम किल्ला, मंदिर, वाडा अथवा वेस यांकडे जाते. रस्ता ही वास्तू नसल्याने तो सहसा दुर्लक्षित राहतो. वास्तविक बाजार, दिंडी, वरात, मोर्चा, अंत्ययात्रा हे सारे रस्त्यावरच घडते. कोण कोठून जाऊ शकतो आणि कोण कोठे बसू शकतो, यावरून समाजाची रचना जितकी स्पष्ट होते तितकी ती पुष्कळदा लेखी साधनांवरूनही होत नाही. जुना रस्ता ओस पडू लागला, की त्याला पुन्हा चैतन्य यावे म्हणून तेथे एखादे सांस्कृतिक केंद्र उभारावे, असा विचार अलीकडे शासकीय पातळीवर आणि लोकप्रतिनिधींकडूनही मांडला जातो. विचार योग्यच आहे. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ एक सभागृह बांधणे, एवढाच घेतला जातो, आणि प्रश्न तेथूनच सुरू होतात.

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात, पूर्णा–नांदेड लोहमार्गावर चुडावा हे गाव आहे. अशा गावाचा विचार मनात ठेवून प्रस्तुत निबंधात मुंबईतील काळा घोडा परिसराचा ऐतिहासिक दृष्टीने आढावा घेतला आहे. ही सांगड काहींना विसंगत वाटेल. मुंबईतील दानशूरांच्या इमारती कोठे आणि आपल्याकडील पार, चावडी, समाजमंदिर कोठे, असा आक्षेप साहजिक आहे. तथापि महाराष्ट्रात एका ऐतिहासिक रस्त्याला जाणीवपूर्वक सामुदायिक सांस्कृतिक अवकाशाचे रूप देण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न तेथे झाला असून, त्याला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटल्याने त्याचे यशापयश तपासता येते. शिवाय त्या रस्त्याच्या जन्मकथेत एक गोष्ट अशी आहे, की तिचा संबंध थेट आपल्या गावांच्या वेशीशी लावता येतो.

तटबंदी पाडल्यानंतर

मुंबईचा फोर्ट विभाग हा एकेकाळी खरोखरच कोट होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी वसाहतीभोवती तटबंदी उभारली. चर्चगेट, अपोलो गेट व बझार गेट हे तिचे तीन दरवाजे. तटाच्या आत कंपनीची कचेरी, युरोपियनांची घरे, धनिक पारशी व अन्य व्यापारी होते. बाहेर मोकळे मैदान आणि त्यापलीकडे दाट वस्तीचे देशी नगर पसरले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या तटाचे लष्करी प्रयोजन संपले होते. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्याचा निर्णय अमलात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला होता. त्या पैशाच्या भरतीत ही मोकळी झालेली जमीन विकली गेली आणि तीवर सार्वजनिक इमारती उठू लागल्या. काळा घोडा परिसरातील मुख्य रस्त्याचे जुने नाव ‘रॅम्पार्ट रो’, म्हणजे तटबंदीची ओळ. आज तो के. दुभाष मार्ग म्हणून ओळखला जातो.

हा तपशील सामान्यतः वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. प्रस्तुत लेखकास तो मध्यवर्ती वाटतो. मुंबईचा हा सांस्कृतिक रस्ता कोटाच्या हृदयात वसला नाही, तसाच तो देशी नगरातही वसला नाही. दोघांना विभागणारी भिंत जेथे होती, त्या रेषेवर तो वसला. जागेवर कोणाचाही जुना मानपान नव्हता, म्हणून नव्या संस्थांना तेथे स्थान मिळाले.

या संस्थांपैकी सर्वांत बोलकी संस्था म्हणजे डेव्हिड ससून ग्रंथालय व वाचनालय. त्याचा उगम एखाद्या गव्हर्नराच्या आज्ञेत नाही. १८४७ मध्ये सरकारी टांकसाळीत व गोदीत काम करणाऱ्या काही तरुण तंत्रज्ञांनी यंत्रांच्या व इमारतींच्या प्रतिकृतींचे संग्रहालय आणि त्याला जोडून ग्रंथालय असावे, अशी कल्पना मांडली. पुढे बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी इमारतीसाठी मोठी देणगी दिली. ससून १८६४ मध्ये पुण्यात निवर्तले आणि इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. पिवळसर मालाड दगडाची ही वास्तू, तिच्या रस्त्यालगतच्या कमानी, मागील बाग आणि वरच्या मजल्यावरील आरामखुर्च्या मुंबईच्या वाचकवर्गाला परिचित आहेत. ससून घराण्याच्या संपत्तीत अफूच्या चीनशी चालणाऱ्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हेही येथे नोंदवावयास हवे. ज्या माळव्याच्या अफूने शेतकऱ्याचे भले केले नाही तिने मुंबईला वाचनालय दिले, ही इतिहासाची एक अवघड गंमत आहे.

शेजारीच एल्फिन्स्टन महाविद्यालयाची १८८८ मधील इमारत उभी आहे. याच महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागारही याच वास्तूत असल्याने मराठवाड्यातून मुंबईस जाणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा रस्ता प्रथम भेटतो तो महोत्सवाच्या निमित्ताने नव्हे, तर दप्तरांच्या निमित्ताने. एम.फिल.च्या काळात दुपारच्या सुटीत शेजारच्या पायऱ्यांपाशी बसून डबा खाताना या रस्त्यावर कोणी ‘येथे का बसलात’ असे विचारीत नाही, ही गोष्ट लेखकाच्या ध्यानात राहिली. गावाकडून आलेल्या माणसाला तिचे मोल अधिक कळते.

परिसराला नाव देणारा ‘काळा घोडा’ मात्र आता तेथे नाही. १८७५-७६ मध्ये भारतभेटीस आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढील सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून घडविण्यात आला व १८७९ मध्ये येथे बसविण्यात आला. शिल्पकार होते जोसेफ बोम. लोकांनी राजपुत्राकडे दुर्लक्ष करून घोड्यावरून जागेचे नाव ठेवले. स्वातंत्र्योत्तर काळात, १९६५ मध्ये पुतळा हलविण्यात आला आणि तो आज भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात पाहावयास मिळतो. पुतळा गेला, नाव राहिले. २०१७ मध्ये या परिसरात पुन्हा एक काळा घोडा बसविण्यात आला, परंतु या वेळी त्याच्या पाठीवर स्वार नाही. वसाहतकालीन स्मारकाचे काय करावे, या प्रश्नाला दिलेले हे उत्तर अनेक परिसंवादांपेक्षा सुटसुटीत आहे.

विसाव्या शतकात या ओळीत आणखी भर पडली. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याचेच आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय होय. १९५२ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन सुरू झाले. १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा उघडली. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस अवघ्या काही शे पावलांच्या अंतरात ग्रंथालय, महाविद्यालय, पुराभिलेखागार, वस्तुसंग्रहालय व कलादालने एकत्र आली होती. त्यांच्यामधील रस्ता मात्र मोटारी उभ्या करण्याची जागा झाला होता. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाणाऱ्यास वाहनांच्या रांगांतून वाट काढावी लागे, आणि बहुतेक लोक कोणत्यातरी एकाच इमारतीत जाऊन परत फिरत.

बांधकामाविना पुनरुज्जीवन

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. भारतातील शहरांमध्ये या प्रकारची ती पहिलीच नियमावली मानली जाते. तिच्यामुळे वास्तू पाडण्यास आळा बसला, परंतु पाडू न देणे आणि जिवंत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमावलीत दुरुस्तीसाठी पैसा नव्हता व वापराची कल्पना नव्हती. या पार्श्वभूमीवर अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने परिसराचा अभ्यास करून त्याकडे ‘कला विभाग’ म्हणून पाहावे, असा विचार पुढे आणला. या कार्यात वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांचा वाटा महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशनची स्थापना झाली आणि १९९९ मध्ये पहिला काळा घोडा कला महोत्सव भरला.

या प्रयत्नात नेमके काय बांधले गेले, असा प्रश्न विचारला असता उत्तर आश्चर्यकारक येते. फारसे काहीच नाही. नवे नाट्यगृह नाही, नवे सभागृह नाही, ‘सांस्कृतिक भवन’ अशी पाटी नाही. फेब्रुवारी महिन्यातील नऊ दिवस रॅम्पार्ट रो वाहनांसाठी बंद करून तेथे हस्तकलांची दालने व शिल्परचना मांडणे, ससून ग्रंथालयाच्या बागेत साहित्यविषयक कार्यक्रम घेणे, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात व हॉर्निमन सर्कलच्या बागेत संगीत-नृत्य ठेवणे आणि हे सर्व विनामूल्य खुले करणे, हाच या आराखड्याचा गाभा होता. आरेखन झाले ते इमारतीचे नव्हे, तर संस्थांच्या परस्परसंबंधांचे. प्रत्येक संस्थेने आपले आवार काही काळ रस्त्याला जोडून दिले. महोत्सवातून व देणगीदारांकडून उभा राहिलेला निधी परिसरातील पदपथ, दिवे व वास्तूंच्या जतनाकडे वळविण्याची सोयही यातून झाली.

या व्यवस्थेतील लहान गोष्टींकडे वास्तुविशारदांपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकाने अधिक लक्ष द्यावे. जहांगीर कलादालनात प्रदर्शन भरविण्यासाठी चित्रकारांना वर्षानुवर्षे थांबावे लागते, अशी सर्वश्रुत स्थिती आहे. परंतु बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणाऱ्यांचे दालन वर्षभर चालते. आतील भिंत आणि बाहेरचा पदपथ यांच्यातील हे अंतर केवळ काही हातांचे आहे. रस्त्याचे सांस्कृतिक सामर्थ्य या अंतरात असते. पदपथ पुरेसा रुंद असणे, कमानीखाली सावली असणे, बसावयास पायरी असणे आणि हुसकावून लावणारा कोणी नसणे, एवढ्या चार गोष्टी जमल्या तर कलेला छप्पर नंतर मिळाले तरी चालते.

या प्रयत्नाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. नऊ दिवसांची गर्दी उरलेल्या वर्षाचे रक्षण करीत नाही. जहांगीर कलादालनातील ‘सामोवार’ हे चित्रकार-लेखकांच्या बैठकीचे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले आणि चौकातील ‘रिदम हाऊस’ हे संगीताचे जुने दुकान २०१६ मध्ये. याच परिसरात वॉटसन हॉटेलची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची, ओतीव लोखंडी सांगाड्याची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथे झाला. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये धोकादायक ठरवून ती रिकामी करण्यात आली. दरवर्षी लाखो पावले तिच्यासमोरून गेली, तरी भाडेकरू, मालक व शासन यांच्यातील गुंता सुटला नाही. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. ती आनंदाची गोष्ट आहे, पण वॉटसनच्या बाबतीत तिचा उपयोग काय झाला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दुसरी मर्यादा भाषेची व वर्गाची आहे. या महोत्सवाचा मुख्य व्यवहार इंग्रजीत चालतो व प्रायोजकांच्या फलकांचे प्रमाण वाढत गेले आहे. तेथून उत्तरेस थोड्या अंतरावर गिरणगाव आहे. लालबाग-परळच्या चाळींचे चौक, भजनी मंडळे, गणेशोत्सवाचे मंडप, शाहीर अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांचे कार्यक्रम यांनी त्या रस्त्यांना दीर्घकाळ सांस्कृतिक अवकाश म्हणून घडविले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ते रस्तेही बदलले. तेथे वारसा नियमावलीचे कवच फारसे पोहोचले नाही, कारण वारसा म्हणजे दगडी कमानी, असा आपला समज पक्का आहे. काळा घोडा वाचला आणि गिरणगाव विरले, या दोन घटना एकत्र वाचल्यासच पुनरुज्जीवन या शब्दाचा खरा अर्थ हाती येतो.

निजामी राजवटीतील रस्ता

आता मराठवाड्याकडे वळणे आवश्यक आहे. मुंबईत धनिकांनी रस्त्यावर संस्था उभारल्या त्या काळात आपला प्रदेश आसफजाही राजवटीखाली होता व १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. येथे रस्त्यावर जमणे हीच संशयास्पद बाब होती. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या हुकुमान्वये सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी आवश्यक होती. खाजगी शाळांवरही निर्बंध होते. परिणामी मराठवाड्यातील सांस्कृतिक अवकाश रस्त्यावर उघडपणे न फुलता वाचनालय, कीर्तन, गणेशोत्सवातील मेळे आणि व्यायामशाळा यांच्या आडोशाने वाढला. परभणीचे १९०१ मध्ये स्थापन झालेले गणेश वाचनालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. वृत्तपत्र वाचण्यास जमलेली चार माणसे म्हणजे सभा नव्हे, एवढ्या बारीक फटीतून एका पिढीने सार्वजनिक जीवन शिकून घेतले. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले. तेव्हा परतूर हे परभणी जिल्ह्यात होते. त्यामागे या वाचनालयांची व शाळांची पूर्वतयारी होती, हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या अभ्यासकांस वेगळे सांगावयास नको.

याखेरीज जत्रा व उरूस यांचा अवकाश राजवटीच्या हुकुमांपेक्षा जुना होता. परभणी येथील हजरत तुराबुल हक यांचा फेब्रुवारीत भरणारा उरूस आजही हिंदू-मुस्लिम दोघांच्या उपस्थितीने मोठा होतो. गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या परंपरेतून गावोगाव चालणारे हरिनाम सप्ताह हेही त्याच प्रकारचे होत. सप्ताहाचा मंडप रस्त्यावर पडतो, रस्ता सात दिवस बंद होतो, पंगत तेथेच बसते, आणि त्यासाठी कोणी आराखडा काढलेला नसतो. काळा घोड्याने नऊ दिवस रस्ता बंद करून जे साधले ते आपली गावे पिढ्यान्‌पिढ्या सात दिवस करीत आली आहेत. ते नगररचनेच्या भाषेत मांडले न गेल्याने आपण त्यास आरेखन म्हणत नाही, इतकेच.

तथापि जुन्या रस्त्याचे गुणगान येथे थांबवावे लागते. गावातील पार हा सर्वांचा होता, असे आपण भाषणांत म्हणतो. प्रत्यक्षात पारावर कोणी बसावे, खाली कोणी बसावे आणि कोणी दुरूनच उभे राहावे, याचे नियम ठरलेले होते. स्त्रिया पारावर बसत नव्हत्या. त्यांचा सांस्कृतिक अवकाश पाणवठा, जाते आणि ओसरी हा होता. नळ व पिठाची गिरणी आल्यावर त्यांचे श्रम वाचले हे फार चांगले झाले, परंतु त्या जागी त्यांना एकत्र बसावयास दुसरी जागा कोणी दिली नाही. महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर होता. मुंबई इलाख्यात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक जागा अस्पृश्यांस खुल्या करण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मार्च १९२७ मध्ये महाडला त्या हक्काची कसोटी लागली. हा ठराव निजामी मुलखास लागू नव्हता. आपल्या गावांतील रस्ता कायद्याने खऱ्या अर्थी सार्वजनिक झाला तो २६ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा झाला तरी १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांतून वेस अजून मनात उभी असल्याचे दिसून आले. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. वरात कोणत्या रस्त्याने न्यावी, यावरील वाद त्यानंतरही ऐकू येतात.

सबब ऐतिहासिक रस्त्याचे पुनरुज्जीवन म्हणजे तो पूर्वी होता तसा करणे, असे मानणे आपल्या प्रदेशात धोक्याचे आहे. पाराला दगडी कठडा बांधून तेथेच सांस्कृतिक केंद्र केल्यास बसण्याची जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की होईल.

चुडाव्याच्या रस्त्यावर

गेल्या तीन दशकांत खासदार व आमदार स्थानिक विकास निधीतून गावोगाव समाजमंदिरे व सभागृहे झाली. खासदार निधीची योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. या वास्तू सर्वत्र एकसारख्या दिसतात: चार भिंती, सपाट छत, एक लोखंडी दरवाजा व त्यावर निधीदात्याचे नाव. पुष्कळ ठिकाणी त्या एकेका समाजाच्या वस्तीत व त्या समाजाच्या नावाने झाल्या, त्यामुळे एका गावात तीन सभागृहे असूनही सर्वांनी मिळून बसण्याची जागा नसते. दरवाजाला कुलूप असते. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारले की दोन नावे सांगितली जातात आणि दोघेही बाहेरगावी असतात. हा विनोदाचा विषय वाटेल, पण सांस्कृतिक अवकाशाच्या आराखड्यातील सर्वांत महत्त्वाची वस्तू किल्ली हीच आहे. काळा घोडा येथे ग्रंथालय, संग्रहालय व कलादालन यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या हाती होत्या. त्यांनी एकत्र येऊन ठरावीक दिवशी दारे उघडण्याचे मान्य केले, आणि त्या संघटनेचे कार्य तेवढ्या संमतीवर उभे राहिले.

मग चुडाव्यासारख्या गावात हा अवकाश कोठे असावा? प्रस्तुत लेखकाच्या मते तो पारापाशी नसावा व एखाद्या वस्तीच्या आतही नसावा. मुंबईत जशी तटबंदीची रेषा, तशी आपल्याकडे दोन रेषा उपलब्ध आहेत. एक वेशीची, जेथे गाव संपे व वस्ती सुरू होई. दुसरी स्टेशनरस्त्याची. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज लोहवाट १९०० च्या सुमारास निजामाच्या रेल्वेने पूर्ण केली आणि या पट्ट्यातील गावांना स्थानके मिळाली. स्टेशनकडे जाणारा रस्ता हा गावातील पहिला असा रस्ता होता, की ज्यावर कोणाचे वतन वा मानाचे स्थान नव्हते. तिकिटाची खिडकी जात विचारीत नव्हती. डब्यात शेजारी कोण बसेल, हे पाटील ठरवू शकत नव्हता. पुढे याच प्रकारच्या रस्त्यांवर चहाची हॉटेले, सायकल दुकाने, केशकर्तनालये आली, आणि वर्तमानपत्राचे सार्वजनिक वाचन पारावरून उठून हॉटेलच्या बाकड्यावर आले. आपल्या ग्रामीण भागाचा आधुनिक इतिहास लिहावयाचा तर स्टेशनरस्ता हेच त्याचे साधन ठरेल. त्याला ‘ऐतिहासिक’ म्हणण्यास आपण कचरतो, कारण तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. काळा घोडाही तेवढाच, फार तर थोडा अधिक जुना आहे.

या रस्त्यावर करावयाचे काम खर्चिक नाही. ग्रामपंचायतीची जागा, वाचनालय, शाळेचे कुंपण व बसथांबा यांपैकी जे काही रस्त्यालगत असेल त्याची दारे रस्त्याकडे तोंड करून उघडतील, अशी रचना हवी. रस्त्याच्या एका बाजूस सलग ओटा असावा. तो एकाच उंचीचा असावा, ही अट सौंदर्यदृष्टीची नाही, ती सामाजिक आहे. ओट्यावर कडुनिंबाची सावली, रात्री दिवा, पिण्याचे पाणी व जवळच स्त्रियांसाठी स्वच्छतागृह. शेवटची गोष्ट अनेक आराखड्यांत विसरली जाते आणि मग स्त्रिया कार्यक्रमास का येत नाहीत, यावर चर्चा होते. मंडपाचे खांब रोवण्यासाठी रस्त्याच्या कडेला कायमच्या खोबणी ठेवल्यास सप्ताह, जयंती, उरूस, शाळेचे स्नेहसंमेलन यांतील प्रत्येकास तीच जागा वापरता येईल. आज प्रत्येक उत्सवासाठी वेगळा रस्ता खणला जातो. एकच जागा सर्वांनी पाळीपाळीने वापरली म्हणजे मने जुळतील, असा भाबडा दावा येथे करावयाचा नाही. तारखांवरून वाद होतील. मात्र तो वाद ग्रामसभेत होईल आणि त्याची नोंद राहील.

वाचनालयाचा प्रश्न यात मध्यवर्ती आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्याआधी हैदराबाद राज्याने १९५५ मध्येच स्वतःचा ग्रंथालय कायदा केला होता, हे मराठवाड्याने अभिमानाने सांगावे असे आहे. गावोगावची ‘ड’ वर्गातील ग्रंथालये तुटपुंज्या अनुदानावर चालतात, त्यांची कपाटे आतल्या खोलीत असतात व वाचनाची वेळ सोयीनुसार ठरते. ससून ग्रंथालयाच्या कमानी रस्त्यालाच लागून आहेत, ही साधी गोष्ट येथे अनुकरणीय आहे. वर्तमानपत्राचा फलक व दोन बाकडी रस्त्याकडे आणली, तरी ग्रंथालय आतून बाहेर येते. परभणीत नगरीच्या सभागृहाला बी. रघुनाथ यांचे नाव आहे. सातोन्यात जन्मलेल्या व अवघ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात निजामी मुलखातील माणसे कथा-कादंबऱ्यांत आणणाऱ्या या लेखकाचे पुस्तक तालुक्याच्या किती ग्रंथालयांत हाताशी सापडेल, याची पाहणी आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखी आहे. प्रकल्प म्हणून ती एका सत्रात सहज होईल.

अधिकाराचा मुद्दा उरतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांमध्ये ग्रंथालये विसाव्या, सांस्कृतिक कार्यक्रम एकविसाव्या आणि बाजार व जत्रा बाविसाव्या क्रमांकावर लागोपाठ आले आहेत. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आहे. म्हणजे ग्रंथालय, कार्यक्रम व बाजार या तिन्हींचा एकत्रित आराखडा करण्यास ग्रामपंचायतीला मुंबईतील एखाद्या संघटनेची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामसभेच्या पहिल्या ठरावात जागा, ओट्याची उंची व दिवा यांच्याबरोबर किल्ली कोणाकडे, किती महिन्यांसाठी राहील आणि ती पाळी वेशीच्या दोन्ही बाजूंच्या व स्त्रियांच्या हाती कोणत्या क्रमाने जाईल, एवढे लिहून घ्यावे. बांधकामाचे अंदाजपत्रक दुसऱ्या ठरावात आले तरी चालेल.